आमसूल आणि सरकार

शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश,
पन्नाशीपर्यंत मला एवढंच ठाऊक होतं.
मग आमसूल आली,
नेरूळच्या रिक्षा स्टँडमागून, गोचिडांसकट,
आणि तिनं मला बाराखडीपासून शिकवायला घेतलं.

शेपटी कुठं आहे ते बघ आधी.
वर, ताठ, नुसतं टोक थरथरतंय,
तो आनंद नव्हे.
खाली, सैल, कंबरेसकट डुलतेय, मग ये म्हणावं.
जांभई दिली तर झोप आली असं धरू नकोस.
खायला काही नसताना ओठांवरून जीभ फिरली,
डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली,
भर रस्त्यात एकाएकी गवत हुंगायचं निघालं,
हे सगळं ती बोलत असते,
आणि मी मेली दोरी ओढत म्हणायचे,
"चल गं, काय नाटकं!"

करावे गावातून पामबीचला लागताना
एक पिवळा बसतो, डाव्या कानाला खाच असलेला.
तो दिसला की मी दोरी मनगटाला गुंडाळायचे,
श्वास धरायचे,
आणि आमसूल भुंकभुंक भुंकायची.
घंटागाडीवरचा रोहिदास एकदा म्हणाला,
"ताई, भीती तुमची आहे. दोरीतून खाली उतरते."

तेव्हापासून आम्ही वळसा घालतो.
नाकासमोर सरळ चालत जाणं ही कुत्र्यांत शिवी.
आम्ही फुटपाथ सोडून जरा वाकडं जातो,
तोंड खाडीकडे,
जसं काही फ्लेमिंगोच मोजायचेत.
पिवळा हल्ली उठतही नाही. एक कान फिरवतो. झालं.

हे लिहायचं कारण वेगळंच.

रविवारी, सातला दहा कमी,
होल्डिंग पाँडच्या कठड्याशी
समोरून मोरेश्वर आला. माझा धाकटा भाऊ.
सहा वर्षांनी.
हातात साखळी, साखळीला रॉटवायलर,
नाव सरकार.
बापाची शेती सरकारनं नेली,
बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड दिला,
भूखंडानं भाऊ नेला,
भावानं कुत्रा पाळला.
बाप असता तर नाव ऐकून
खोकला येईपर्यंत हसला असता.

हक्कसोडपत्रावर माझी सही नाही अजून.
वकिलाची नोटीस फ्रिजवर आहे,
आमसूलच्या रेबीजच्या कार्डाखाली.

मोरेश्वर हसला. दात दिसले.
खांदे मात्र वर.
मी ओठांवरून जीभ फिरवली.
खायला काहीच नव्हतं.

सरकारला शेपटी नव्हती.
पिल्लू असतानाच कापलेली,
म्हणजे वाक्यातलं क्रियापदच गायब.
उरलेलं वाचलं:
वजन पुढच्या पायांवर, तोंड मिटलेलं, नजर थिजलेली.

"साखळी सैल सोड," मी म्हणाले.
सहा वर्षांतलं पहिलं वाक्य.
"अगो, पण हा..."
"तू ओढतोस म्हणून तो ताठ आहे. सरळ येऊ नकोस.
बाजूनं ये. पाण्याकडे बघ."
ऐकलं त्यानं.
मिठागराच्या बांधावरही असाच
मी सांगेन तिथंच पाय ठेवायचा.

हुंगलं दोघांनी एकमेकांना, मागून, रीतसर.
मी मोजत होते. एक, दोन, तीन.
"आमसूल!"
वळली ती. कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं,
पाण्यातून आल्यासारखं.
मग सरकारनंही.

आम्हा दोघांना ते येत नाही.
आम्ही कठड्याला टेकलो,
मध्ये दोन माणसांची जागा सोडून.
"बाय, गुडघा बरा हाय ना तुझा?"
त्यानं पाण्यालाच विचारलं.
"हाय," मी म्हणाले.
लग्नानंतर मी 'आहे' म्हणायला लागले होते.

सहीचं कुणी काढलं नाही.
जरा वेळानं त्यानं जांभई दिली, जबडा मोडेल एवढी.
मी विचारलं नाही,
रात्री झोप झाली नाही का म्हणून.